कनातीच्या दारातली खैरूनआपा

कळंबहून भाच्याचा फोन आला तेव्हा माझे हात ज्वारीच्या पिठात होते. "आत्या, खैरूनआपा गेल्या. दुपारी, झोपेतच." त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, याच बाईनं एकदा मरणाच्या दारातून परत आणलं होतं. आता अण्णाही नाही आणि आपाही नाही. त्या संध्याकाळी तिथं असलेली बहुधा मीच एकटी उरले आहे.

लग्न होऊन मी कळंबला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. सुगी झाली की बाजारतळाच्या कडेला सिनेमाचा तंबू पडायचा. एकीकडं ज्वारीच्या राशी, नाकात झोंबणारा मिरच्यांचा खाट, गुळाच्या ढेपांवर घोंघावणाऱ्या माशा आणि दुसरीकडं इंजिनाची धडधड. तंबूत पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे कापडाची कनात. सगळे वाळूवर बसायचे. बायकांच्या दाराशी खैरूनआपाची कढई असायची. ती विधवा होती, पदरी लहानगी मुमताज. तंबूवाल्यानं तिला भजी तळायला जागा दिली होती आणि बदल्यात तिनं बायकांचं दार सांभाळायचं. तिची कांदाभजी, गुळाचे गुलगुले आणि वर तळलेली मिरची... पडद्यावर काय चाललंय हे विसरून आम्ही आधी पुडा संपवायचो. दारू पिऊन कोणी कनातीकडं सरकला तर ती झारा घेऊनच उठायची. त्यामुळं सासूबाई मला निर्धास्त तंबूत पाठवायच्या.

मग रझाकारीचे दिवस आले. बाजार भरायचा, पण दिवस कलायच्या आत उठायचा. माणसं बोलताना आधी मागं बघायची. अण्णा घर सोडून निजामाच्या हद्दीपलीकडं, बार्शीकडं रझाकारांशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला होता. त्याच्या नावाची चौकशी दोनदा आमच्या दारापर्यंत आली होती. इकडं आमची आई माहेरी अंथरुणाला खिळलेली. तिची खुशाली विचारायला तो एका बाजारच्या दिवशी गाड्यांच्या गर्दीतून गावात शिरला. माहेरी जाणं काय, माझ्या सासरी येणं काय, धोक्याचंच होतं, म्हणून तंबूत कनातीला टेकून बसला. अलीकडून मी. "आई जेवती का गं?" त्यानं कापडाआडून विचारलं. मी "व्हय" म्हणाले. ती जेवत नव्हती...

तेवढ्यात बाहेर लॉरी थांबल्याचा आवाज आला. सिनेमाचं इंजिन बंद पडलं, पडदा काळा झाला. पुरुषांच्या बाजूला कोणीतरी गॅसबत्ती पेटवली. खाकी कपड्यातले रझाकार एकेकाच्या तोंडावर उजेड धरत येत होते. आपा आत आली, कनातीची खालची कड उचलली आणि अण्णाला दंडाला धरून ओढून घेतलं. "बस खाली," एवढंच म्हणाली. बायका सरकून जवळ झाल्या. एकीनं आपली शाल त्याच्या डोक्यावरून टाकली, दुसरीनं झोपलेलं लेकरू त्याच्या मांडीवर दिलं. आपा परत दारात जाऊन बसली.

खाकीवाले दारात आले. त्यांच्यात आपाचा सख्खा धाकटा भाऊ होता, चांद. तिनं हातानं खाऊ घालून वाढवलेला. कोणाच्या नादानं तो त्यांच्यात गेला आणि तेव्हापासून आपा त्याच्याशी बोलत नव्हती. म्होरक्या म्हणाला, "बाजू हो, अंदर देखना है." आपा उठली नाही. म्होरक्याकडं बघितलंही नाही.

"चांद," ती म्हणाली, "अंदर अम्मा बैठी सो है. बुरखा उतारको बैठी है. इन लोगां को लेको अंदर जाता क्या तू?"

त्यांची अम्मा आदल्या उन्हाळ्यातच वारली होती. तिच्या जनाज्याला चांदनंच खांदा दिला होता. हे मला ठाऊक होतं, आत बसलेल्या कितीतरी जणींना ठाऊक होतं. कढईतली भजी जळून काळी पडली, धूर डोळ्यांत जायला लागला, पण आपाचा हात हलला नाही. चांद तिच्याकडं बघत राहिला... म्होरक्यानं विचारलं, "तेरी मां है?" चांदनं मान खाली घातली. "हौ," तो म्हणाला, "मेरी मां है अंदर." आणि तोच सगळ्यांना घेऊन मागं फिरला. अंधार पडता पडता अण्णा एका कडब्याच्या गाडीतून हद्दीकडं निघून गेला.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं आणि भीतीनं घरं बदलली. आता आपाच्या गल्लीत दारं लागली. त्यातल्या एका संध्याकाळची गोष्ट आपानं मला एकदाच सांगितली. ती मुमताजला पोटाशी धरून कडी लावून बसली होती. बाहेर रझाकारीचा सूड उगवायला निघालेल्या माणसांचा गलका चालला होता. दारावर थाप पडली, मग पुन्हा एक, हळू. "म्या उठले न्हाय गं," ती म्हणाली, "मला वाटलं, तेच लोक आलेत." सकाळी शेजारीण म्हणाली, चांद होता.

अण्णा दुसऱ्या दिवशी गावात आला तो घरी न जाता तिच्या ओट्यावर गेला, आणि गाव निवळेपर्यंत तिथंच झोपला. गल्लीला हात लागू नये म्हणून मोठमोठ्यांशी तो भांडला. चांदसाठी उस्मानाबाद, औरंगाबादचे तुरुंग धुंडाळले. चांद कुठंच नव्हता. त्यानंतर अण्णा दर ईदला आपाकडं जेवायचा. चांदचं नाव दोघंही काढत नसत. पुढं तंबू जाऊन पत्र्याचं थिएटर झालं, तेही मोडून दुकानं झाली. गुलगुले आता कोणी विकत नाही.

परवा मी मुमताजला भेटायला गेले. तीही आता आजी झाली आहे. दिवेलागणीला ती बोलता बोलता उठली, दारापाशी गेली आणि हात कडीवर ठेवून तशीच उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "अम्मीनं सगळ्या जन्मात संध्याकाळी ही कडी लावू दिली न्हाय. चोरी झाली तरी न्हाय. आता लावू का?"

बाहेर गल्लीतून कोणीतरी चाललं होतं, पावलं दारावरून पुढं गेली...

"आजच्या दिवस राहू दे," मी म्हणाले.