पंपाचा चार्जर आणि बाथरूममध्ये अडकलेली आई

गेल्या एप्रिलपर्यंत आमच्या बाथरूमच्या दारात कसलाही दोष नव्हता. आतली कडी लावताना थोडी करकरायची, एवढंच. पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती कडी बावीस वर्षं करकरली आणि त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मग मी ड्रिल मशीन घेतलं.

बॅटरीवर चालणारं, बिनवायरीचं, पिस्तुलासारखं दिसणारं. ऑनलाइन स्वस्तात मिळालं होतं. (कुठल्या कंपनीचं, ते मला आजही सांगता येणार नाही. खोक्यावरची अक्षरं आपल्याकडची नव्हती.) मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. तिथे कामं सगळी दुसरे करतात आणि मी हात मागे बांधून उभा असतो. त्यामुळे हातात यंत्र आल्यावर माझं थोडं डोकं फिरलं, हे कबूल करतो. घरातली प्रत्येक वस्तू मला सैल वाटायला लागली. भिंतीवरचं घड्याळ मी तीन वेगवेगळ्या जागी टांगून पाहिलं. एकदा मशीन स्टुलावरून बॅटरीच्या बाजूवर पडलं, तेव्हा नुसती फुंकर मारून पुन्हा चालू केलं. जुने स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाना, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. माझी बायको मंगल म्हणाली, असू द्या, लागतात. मी म्हणालो, ट्रॅक्टर घेतल्यावर दारात बैल कोण ठेवतं?

तिचं माहेर वणीकडचं, शेतकऱ्याचं. त्यांच्याकडे ट्रॅक्टरही आहे आणि बैलही.

त्या रविवारी सकाळी मी कडी काढून तिथे गोल मुठीचं नवं लॉक बसवायला घेतलं. दाराला भोक पाडलं, ते चुकलं, मग तेच मोठं करून घेतलं. दोन तासांनी लॉक बसलं. बाहेरून मूठ फिरवून पाहिली, दार उघडलं. आतून पाहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पॅकहाउसमध्ये पेटी आतून-बाहेरून तपासल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही, पण ती पेटी परदेशी जायची असते. इथे फक्त आई आंघोळीला जायची होती.

माझी आई शहात्तर वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने आयुष्यभर विज्ञान शिकवलं. कपडे घेऊन ती आत गेली, दार ओढून घेतलं आणि 'खट्' असा फार छान आवाज झाला. मी मंगलकडे अभिमानाने पाहिलं.

वीस मिनिटांनी आतून आईने शांतपणे विचारलं, "सुरेश, ही मूठ कितीदा फिरवायची असते?"

मूठ नुसती गरगर फिरत होती. आतूनही आणि बाहेरूनही. मी दार ढकललं, ओढलं, खांद्याने धक्का दिला. सुरी फटीत घालून पाहिली, तिचं टोक मोडलं. लॉकचे दोन स्क्रू माझ्या बाजूला समोर दिसत होते. ते काढले की काम झालं. मशीन उचललं, स्क्रूवर टेकवलं, बटण दाबलं. मशीन म्हाताऱ्या माणसासारखं कण्हलं आणि बंद पडलं. सकाळपासून त्या भोकाशी झटापट केल्याने बॅटरी संपली होती.

मंगल म्हणाली, मागच्या गल्लीतल्या विठ्ठल सुताराला फोन करते. मी नको म्हणालो. माझ्या घरातलं लॉक मी बसवणार आणि दार उघडायला सुतार येणार, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत पसरली असती. फक्त बॅटरी तर भरायची होती. पण मशीनचा चार्जर काडेपेटीएवढा, त्याला दोन तास लागायचे. माझी नजर पॅसेजमध्ये गेली. मंगलच्या भावाचा पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप दुरुस्तीसाठी नाशिकला आला होता, आणि भाऊ न्यायला येईपर्यंत आमच्याकडे ठेवला होता. शेजारी त्याचा चार्जर. चांगला विटेएवढा. पंपाची बॅटरी बारा व्होल्टची, माझ्या मशीनचीही बारा व्होल्टची. मी पिन लावून पाहिली. बसली.

पिन बसली की चार्जर चालतो, असा त्या दिवसापर्यंत माझा समज होता.

बाथरूमच्या दाराजवळच बोर्ड होता. खाली धुऊन घडी केलेली एक गोधडी होती. फरशीवर बॅटरीला ओरखडे पडू नयेत म्हणून मी ती गोधडीवर ठेवली, बटण चालू केलं, आईला दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात चहा प्यायला गेलो. हो, चहा प्यायला. माझी आई बाथरूममध्ये कोंडलेली होती आणि मी बशीत चहा ओतत होतो.

अर्धा कप झाला असेल तेवढ्यात आईचा आवाज आला. ती विचारत होती, वास कसला येतोय?

मी म्हणालो, शेजारी फोडणी दिली असेल.

"फोडणीत प्लास्टिक कोण घालतं?" आई म्हणाली.

मी उठून पॅसेजमध्ये आलो आणि तिथेच थिजलो. बॅटरीचं काळं प्लास्टिक मध्ये फुगून वर आलं होतं. एका कडेने बारीक, पांढरा धूर निघत होता. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा सुसू आवाज येत होता. खालची गोधडी एका जागी तपकिरी झाली होती. तिथून हातभर अंतरावर बाथरूमचं दार होतं, आणि दारापलीकडे माझी आई.

लिहिताना आज विनोद सुचतो. त्या वेळी एकही सुचला नाही. मंगल मागून आली, तिने एकदा बॅटरीकडे पाहिलं आणि मला न विचारता दोन फोन केले. पहिला अग्निशमन दलाला, दुसरा विठ्ठल सुताराला.

मी पुढे होऊन बॅटरी उचलायला हात घातला. आईला दिसत काहीच नव्हतं, पण आपला मुलगा काय करेल हे तिला पन्नास वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"सुरेश, हात लावू नकोस," ती आतून म्हणाली. शाळेत मागच्या बाकापर्यंत जायचा तोच आवाज. "आधी बोर्डावरचं बटण बंद कर. काय पेटलंय ते मग सांग."

मी बटण बंद केलं. मशीनची बॅटरी आहे, फुगली आहे, धूर येतोय, असं सांगितलं. कशावर ठेवली आहे, असं तिने विचारलं. मी म्हणालो, गोधडीवर. मग ती म्हणाली की ती टॉवेल भिजवून दाराच्या फटीला लावते आहे, वरची खिडकी उघडली आहे आणि तिला काही होत नाही. आम्ही दोघांनी तोंडावर ओला फडका धरायचा, धूर नाकात घ्यायचा नाही आणि ती वस्तू लांबूनच दारापासून दूर करायची. जमत नसेल तर सोडून द्यायची.

सोडून कुठे जाणार? ती आत होती.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी ठीक आहे रे. घाई करू नकोस."

लहानपणी मला विहिरीत पोहायला शिकवताना ती काठावरून अगदी असंच म्हणायची.

मंगलने फरशी पुसायचा लांब दांड्याचा पोछा आणला. मी चार्जरची वायर धरून चार्जर भिंतीपासून सोडवला, तिने दांड्याने गोधडीचं टोक ढकललं. गोधडी फरशीवरून घसरू लागली आणि तिच्यावर स्वार होऊन बॅटरी सुसू करत निघाली. पॅसेज, मग हॉल, मग बाल्कनी. एरवी तेवढं अंतर मी पाच सेकंदांत चालतो. त्या दिवशी प्रत्येक फरशी ओलांडायला मला एक वर्ष लागल्यासारखं वाटलं. हॉलमध्ये गोधडी सोफ्याच्या पायाला अडकली. धूर दाट झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मंगलने दांड्याला जोर दिला, मी वाकून सोफा सरकवला आणि गोधडी सुटली. बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी तिने एकच जोराचा रेटा दिला.

बॅटरी बाल्कनीत पडली आणि 'फट्' असा आवाज झाला. हातभर उंचीची, भगभगीत ज्वाळा उठली. त्या बाल्कनीत, जुन्या साडीवर, आईने पहाटे उठून घातलेल्या कुरडया वाळत होत्या. साडीने पेट घेतला. मंगलने कोरफडीची मोठी कुंडी आडवी करून सगळी माती आगीवर पालथी केली. तुळस शेजारीच होती. एवढ्या घाईतही तिने तुळशीला हात लावला नाही. दुसरी कुंडी मी रिकामी केली. मग मी बादलीने पाणी ओतत राहिलो, ओतत राहिलो, धूर विरळ होईपर्यंत. मंगलने शेवटी बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि आम्ही दोघं काचेतून त्या मातीच्या ढिगाकडे पाहत उभे राहिलो.

एवढ्यात विठ्ठल सुतार आला. पायात चपला तशाच, हातात एक साधा स्क्रू ड्रायव्हर. धुराचा वास घेत त्याने इकडेतिकडे पाहिलं, काही विचारलं नाही, सरळ दारापाशी बसला. दोन स्क्रू काढले, मूठ हातात आली, आत बोट घालून खिटी मागे ओढली. दार उघडलं. अर्धं मिनिट लागलं असेल.

आई बाहेर आली. साडी नीट, केस पुसलेले, हातात ओला टॉवेल. तिने आधी माझे तळहात उलटसुलट करून पाहिले, मग मंगलचे. काही भाजलेलं नाही याची खात्री झाल्यावर खुर्चीत बसली आणि पाणी मागितलं. ग्लास धरताना मात्र तिच्या बांगड्या वाजत होत्या. ते ऐकून मला एकदम रडू आलं. मी चष्मा पुसतोय असं दाखवलं. (मी चष्मा वापरत नाही, हे त्या वेळी कुणी लक्षात आणून दिलं नाही.)

विठ्ठल लॉक हातात घेऊन उजेडात पाहत होता.

"साहेब, हे तुम्ही उलटं बसवलंय," तो म्हणाला. "स्क्रूची बाजू आत पाहिजे."

मी मान खाली घातली.

"पण बरं झालं. सुलटं असतं ना, तर स्क्रू आजीबाईंच्या बाजूला गेले असते. मग दार तोडल्याशिवाय इलाज नव्हता."

म्हणजे त्या दिवशी मी केलेल्या सगळ्या कामांपैकी जे एक चुकलं होतं, त्यानेच आईला बाहेर काढलं. बाकी जी मी बरोबर समजून केली होती, त्यांनी तिला धुरात घातलं.

अग्निशमन दलाचे दोघे जण आले तेव्हा बाल्कनीत फक्त चिखल होता. त्यातल्या वयस्कर माणसाने मातीतून ते काळं ढेकूळ लांब चिमट्याने काढलं आणि पाण्याच्या बादलीत बुडवलं. अशी बॅटरी विझल्यासारखी वाटते आणि पुन्हा पेटते, म्हणून बादली घरात न ठेवता खाली मोकळ्यावर ठेवायला सांगितली. पेटती बॅटरी ढकलत नेणं चूकच, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं असतं, असं तो ठामपणे म्हणाला. आत माणूस अडकलं होतं म्हणून तुम्हाला समजून घेतो, असंही म्हणाला. मग त्याने चार्जर उचलून पाहिला.

"हा कशाचा?"

"फवारणीच्या पंपाचा."

त्याने आधी चार्जरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या नोकरीत त्याने बरंच काही पाहिलं असणार, पण तो चार्जर त्याने उलटसुलट करून पुन्हा एकदा पाहिला.

पंधरा दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला गाठलं. सभेत घरातल्या बॅटरीच्या वस्तूंबद्दल दहा मिनिटं बोला म्हणाले. तुम्हाला अनुभव आहे, असंही म्हणाले. मी आईकडून मुद्दे लिहून घेतले. ज्याचा चार्जर त्यालाच. गादी, गोधडी, सोफा यांवर चार्जिंग नाही. चार्जिंग लावून दुसरीकडे जायचं नाही. पडलेली, फुगलेली, तापणारी बॅटरी वापरायची नाही आणि कचऱ्यातही टाकायची नाही. मशीनला नवं पातं किंवा भोक पाडायचं बिट लावायच्या आधी बॅटरी काढून ठेवायची. मी घसा साफ करून सगळं तळमळीने सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. आई पहिल्या रांगेत बसली होती आणि माझा एकही मुद्दा चुकला नव्हता.

शेवटी, काही शंका आहे का, असं मी विचारलं. मागे एक अनोळखी बाई बसल्या होत्या. सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट पाहायला आल्या होत्या आणि सेक्रेटरींनी त्यांना आग्रहाने सभेत बसवून घेतलं होतं. त्यांनी हात वर केला.

"तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या," मी आनंदाने म्हणालो.

त्यांनी पलीकडच्या सोसायटीत तळमजल्यावर घर घेतलं.