खडक लागतो ती जागा

कुदळमामा त्या सकाळी चहात साखर घालायला विसरला. आठवलं तेव्हा दोनदा घातली, आणि एक घोट घेऊन कप तसाच सारून उठला. मग उजव्या पायातला बूट डाव्यात घालायला लागला.

"बाबा, यंत्र आजच येणार आहे ना?" लेक म्हणाली.

"येईना का. मला काय त्याचं?"

"मग बूट नीट घाला."

लेक धोबीखान्यात इस्त्री करायची. बाप कशाला घाबरलाय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जगात ते ठाऊक असणारी ती एकटीच. "मॅडमना खरं सांगून टाका. नाहीतर जाल कामावरून, आणि या वयात दुसरं काम कोण देणार तुम्हाला?" एवढं बोलून ती डबा घेऊन निघून गेली. मामाने बूट बदलले आणि तोही निघाला. चालता चालता तीनतीनदा थांबून खिसे चाचपत होता, जसं काहीतरी हरवलंय.

आता एवढं घाबरायला काय झालं, ते सांगायला हवं.

मामाचं काम कबरी खणायचं. गावाच्या कडेला दफनभूमी होती, तिथे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून खणत आलेला. लोक यायचे, रडायचे, जायचे. खणणारा कोण होता हे कुणी वळून पाहत नसे, आणि तशा वेळी पाहावं तरी कशाला? मामाला त्याचं काही वाटत नसे. त्याला सलायचं ते वेगळंच. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबला. मामाने स्वतः एवढी माती उपसली, पण आपली म्हणावी अशी वीतभर जमीन त्याच्याकडे कधी नव्हती. बायकोला घेऊन तो खोल्या बदलत फिरला. एका खोलीला ओल, एकीच्या खाली लेथचा कारखाना, एकीच्या मालकाला बायकोचा खोकला खपेना. दर वेळी भांडी पोत्यात भरताना ती म्हणायची, "या वेळी जरा टिकू द्या हो."

ती गेली तेव्हा तिची कबर मामानेच खणली. बरोबरचे दोघे खणणारे म्हणाले, तू बस, आम्ही करतो. पण हा कुठला ऐकतोय! खणताना त्याला एकच समाधान वाटलं, माती काय सुरेख लागली होती! चाळलेल्या पिठासारखी. कुदळ नुसती टेकवली की आत. शेवटच्या आजारात ती त्याला म्हणाली होती, "शेजारीच या. पण घाई करू नका, मला थोडे दिवस तुमच्या घोरण्याविना झोपू द्या." म्हणजे तेव्हाही तिला थट्टा सुचत होती, आणि हा वेडा हुंदके देत होता.

पण दफनभूमीचा नियम कडक. जागा कुणी राखून ठेवायची नाही. ओळीने पुढची जागा पुढच्या माणसाला, मग तो सावकार असो की झाडूवाला. बायकोला ठेवून आठवडा व्हायच्या आत एका घरचे लोक आले, आणि ओळीने तिच्या शेजारची जागा त्यांची होती. मामाने पहार उचलली, जमिनीवर आपटल्यासारखी केली, आणि म्हणाला, "इथे खडक लागतो. पुढची घ्या."

बस्स, एवढंच. खडक लागतो तिथे चुना फासलेला दगड ठेवायचा आणि ओळ पुढे न्यायची, ही तिथली पद्धत. मामाने दगड ठेवला. दरसाल तो त्याला ताजा चुना फासत राहिला. जन्मात केलेली लबाडी एवढी एकच, पण तिने त्याला सुखाने जेवू दिलं नाही. कुणी त्या दगडाजवळ रेंगाळलं की हा काहीतरी निमित्त काढून तिथे हजर.

तुम्ही विचाराल, खाली खरंच काय आहे ते त्याने कधी पाहिलं नाही? नाही पाहिलं. कबर खणणाऱ्यांचा एक दंडक असतो. माणूस गेल्याचा निरोप आल्याशिवाय कुदळ मारायची नाही. उघडा खड्डा कुणालातरी बोलावून घेतो, असं ते मानतात. आपल्या स्वतःच्या जागेत तर पहारेचं टोकसुद्धा खुपसायचं नाही. आणि पाहायचं तरी काय होतं? बायकोच्या बाजूची माती त्याने स्वतःच्या हाताने उपसली होती. हातभर पलीकडे काय वेगळं असणार!

हल्ली मात्र दफनभूमी भरत आली होती. तिथला कारभार बघायला नव्या आलेल्या मॅडम कामाच्या चोख. त्यांनी फर्मान काढलं, की चुन्याच्या दगडाच्या सगळ्या जागा यंत्राने खणून बघायच्या. खोली मिळाली तर त्या जागा वापरात घ्यायच्या. ते ऐकलं आणि मामाचं धाबं दणाणलं. दगड गुपचूप उचलावा, तर जागा पहिल्या येणाऱ्याला जाणार. राहू द्यावा, तर यंत्र लबाडी उघडी पाडणार, आणि जागा जाणारच, वर नोकरीही. कुठूनही बघा, बायको एकटी पडणार.

तो पोचला तेव्हा यंत्र फाटकातून आत येत होतं. वर बसलेल्या यंत्रवाल्याच्या दातांत काडी. मॅडम हातात छत्री घेऊन पुढे.

"या मामा, तुमचीच वाट बघत होते. दाखवा पहिली जागा."

भिंतीकडची पहिली. यंत्राचा पंजा खाली गेला आणि खरखरला. खडक. मग झाडाखालची. तिथेही खडक, वर मुळांचं जाळं.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "नुसत्या पहारेवर तुमचा अंदाज बिनचूक आहे हो."

मामाला वाटलं, या बाईने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी प्यायला नळावर गेला तर ओंजळीतलं सगळं सदऱ्यावर सांडलं.

"आता ती, मधल्या ओळीतली," मॅडम म्हणाल्या.

"ती राहू द्या मॅडम. तिथे... तिथे काही निघायचं नाही."

"बघायला काय जातं?"

यंत्र वळलं. मामा आधी तिथे जाऊन उभा राहिला, बायकोच्या कबरीला पाठ करून, दोन्ही हात पसरून. यंत्रवाल्याने काडी काढून विचारलं, "काय हो, चिरडून घ्यायचा विचार आहे की काय?" मॅडमनी त्याला इंजिन बंद करायला लावलं.

"मामा, काय झालं?"

"मॅडम, इथे खडक नाही. मी खोटं बोललो." एकदा तोंड फुटल्यावर तो थांबेना. "ही माझी बायको. ती म्हणाली होती शेजारी या. जन्मभर तिला या खोलीतून त्या खोलीत फिरवलं मी, एक जागा धड देता आली नाही. म्हणून ही अडवून ठेवली. माझं चुकलं. कामावरून काढा, काही म्हणणार नाही. पण कुणा परक्याला तिच्या शेजारी आणून झोपवू नका."

मॅडमच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मामा त्यांच्या चपलांकडे बघत होता.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकलीत?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"रोज वाटली."

त्यांनी छत्री मिटली. आवाज मात्र खाली आला होता. "कमाल आहे तुमची. अहो, तोंड उघडून मागायचं ना! ज्याने जन्मभर इथे खणलं त्याला एक जागा दिली तर कुणाचं काय अडणार आहे? मी वर बोलते. मिळेल."

मामाला ते कळायलाच वेळ लागला. "मिळेल?"

"मिळवून देते, माझा शब्द. फक्त खोली किती आहे ते बघू द्या. पुरेशी नसेल तर मी भांडू कशाच्या जोरावर?"

बापरे, त्या माणसाचा चेहरा! उघडा खड्डा, दंडक, सगळं विसरला तो. चुन्याचा दगड त्याने स्वतःच उचलून बाजूला फेकला आणि यंत्रवाल्याला ओरडला, "खण रे, बिनधास्त खण! लोण्यासारखी माती आहे, बघ तू!"

पंजा खाली आला. वरचा थर सहज निघाला, भुसभुशीत. मामा हसत मॅडमकडे बघत होता. पंजा पुन्हा खाली गेला, आणि ठण्ण असा आवाज झाला.

"दगड असेल एखादा," मामा म्हणाला. "जरा डावीकडून घे."

डावीकडून ठण्ण. उजवीकडून ठण्ण. मामाने खड्ड्यात उडी टाकली, हातांनी माती बाजूला केली. गुडघ्याएवढ्या खोलीवर काळा, सलग खडक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायकोच्या कबरीच्या कडेला येऊन तो सुरीने कापल्यासारखा संपत होता.

"फोडता येईल का?" मॅडमनी विचारलं.

यंत्रवाल्याने मान हलवली. "फोडता येईल. पण हादरा बसला की ही बाजूची कबर ढासळून खाली येणार. बघा बुवा, तुम्ही म्हणाल तसं."

"नको!" मामा खड्ड्यातून ओरडला. "तिला हात लावायचा नाही. झाकून टाका हे."

मॅडम खाली वाकल्या. "मामा, वर या. तिकडे भिंतीलगत चांगली जागा आहे, तीच तुमच्या नावाने करून घेते."

"भिंतीलगत माझं कोण आहे?" मामा म्हणाला.

लेक दुपारच्या सुट्टीत धापा टाकत आली. फाटकावर यंत्रवाला भेटला, त्याने नुसतं आत बोट दाखवलं. ती तशीच आत पळाली. बाप आईच्या कबरीशी मातीत बसला होता, गुडघ्यांवर चिखल, आणि लहान मुलासारखा रडत होता.

"काढलं ना कामावरून? तरी मी म्हणत होते..."

"नाही. नोकरी आहे."

"मग मॅडम बोलल्या?"

"नाही गं. फार चांगली बाई आहे."

"मग लबाडी पकडली गेली का? झालं काय बाबा, सांगा तरी!"

मामाने मातीने भरलेल्या हाताने डोळे पुसले.

"अगं, खरंच खडक निघाला," तो म्हणाला.