भांडगावच्या सुदामचा हूक

नाईक सुदाम दोरगे, भांडगाव, तालुका दौंड. लान्स नाईक साकोरे, केंदूर, तालुका शिरूर. दोघांचं पोस्टिंग एकाच ऑर्डरवर, एकाच ट्रान्सपोर्ट कंपनीत, जिथे उन्हाळ्यातही पाण्याच्या बादलीवर साय धरल्यासारखा बर्फ धरतो अशा ठिकाणी. यातला दुसरा म्हणजे मी. दुसरा हा शब्द विचार करून वापरला आहे. त्या कंपनीत माझा नंबर कायम तोच राहिला.

हे आता लिहायचं कारण, सुदामच्या मुलीने कॅरव्हॅन घेतली. वैष्णवी रांजणगावच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. कॅरव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं दोन चाकांचं घर. आत झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी. तिचा फोन आला. "काका, हिला हूक कुठला लावायचा? आई म्हणते, तुम्ही आन् पप्पांनी एकदा अशीच गाडी ओढली होती."

"ओढली पप्पांनी," मी म्हणालो. "मी मागून बघितली."

मग जे तिला सांगितलं, तेच इथे लिहितो आहे.

आधी हेव्याचं सांगतो, कारण त्याशिवाय हुकाचं कळणार नाही. सुदामची गाडी थंडीत पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. माझ्या गाडीच्या डिझेल टाकीखाली मी स्टोव्ह धरून उकिडवा बसलेला असायचो. कमांडिंग ऑफिसर पाहणीला आले की सुभेदार साहेब त्याची गाडी पुढे उभी करायचे आणि माझी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. व्हॉलिबॉल तो खेळायचा, स्कोअर मी लिहायचो. रजेवर निघालो तरी तेच. दोघं दौंड जंक्शनला एकत्र उतरायचो. त्याला न्यायला भांडगावहून मोटारसायकली आलेल्या असायच्या. तो चहा गार व्हायच्या आत घरी. मी ट्रंक डोक्यावर घेऊन चौफुला, न्हावरा, शिरूर असं एसटीने करत केंदूरला पोचायचो, तेव्हा बायको विचारायची, "सुदामभावजी बरे आहेत ना?" नवरा समोर उभा होता. तो बरा आहे का, ते नंतर.

दिसायलाही तो माझ्यापेक्षा बरा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात खालून एक कॅरव्हॅन आली. पुढच्या पोस्टवर आजारी पडलेल्या जवानांना खाली आणायला ट्रकच्या मागच्या फळ्यांवर झोपवावं लागायचं. डॉक्टर साहेबांनी वर लिहून लिहून ही गाडी मिळवली होती. आत दोन बंक, ऑक्सिजनचे सिलिंडर, एक छोटी शेगडी. पांढरी, गुळगुळीत, एखाद्या नवऱ्या मुलीसारखी. कंपनीतले सगळे ड्रायव्हर तिच्याभोवती फिरले. मला ती ओढायची होती. इतकं मला नोकरीत दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं. रोज पिठाची पोती आणि रॉकेल वाहणाऱ्याला एकदा तरी माणसं वाहावीशी वाटतात.

अडचण हुकाची होती. ट्रकला असतो पिंटल हूक. लोखंडी जबडा. त्यात ट्रेलरची कडी घालायची, वरून जबडा बंद करायचा, पिन मारायची. कॅरव्हॅनला होती वाटी. ती बसते गोळ्यावर. ट्रकला गोळा लावायचा, की वाटी काढून कॅरव्हॅनला कडी लावायची, असा सवाल.

मेजर साहेबांनी दोघांना बोलावलं. "बोलो."

मी म्हणालो, गोळा. वाटी गोळ्यावर घट्ट बसते, मध्ये ढिलाई राहत नाही, पेशंटला धक्के बसत नाहीत. जबड्यात कडी खडखडते. ज्याच्या छातीत पाणी भरलंय त्याला तो खडखडाट नको.

सुदाम म्हणाला, "सर, गोळा रस्त्यावर ठीक है. यहाँ रस्ता कहाँ है?"

मेजर साहेब हसले. तिथेच मी हरलो. पण तो पुढे बोललाच. नाल्यात ट्रकचं तोंड खाली जातं तेव्हा कॅरव्हॅनचं तोंड वर असतं. त्या कोनात वाटी गोळ्यावरून उचलून निघेल. जबड्यात कडी कशीही फिरो, बाहेर येत नाही. खडखडेल, पण मागोमाग येईल.

वर्कशॉपने वाटी कापून कडी वेल्ड केली. गाडी सुदामला मिळाली. मला मागची गाडी मिळाली, वायरलेस सेटसकट. माझं काम काय, तर कॅरव्हॅनच्या पाठीकडे बघत जायचं. नव्या नवरीच्या वरातीत बत्ती धरणाऱ्याचं असतं तसं.

आता हेव्याचा एक फायदा सांगतो. हेवा करणारा माणूस बारकाईने बघतो. निघायच्या सकाळी मी तिच्याखाली शिरायचो, सुदामची एखादी तरी चूक सापडावी म्हणून. नट आवळलेले, हवा बरोबर, पिनला तार. तरी एकदा सापडली. हूक तुटलाच तर ट्रेलर सुटून जाऊ नये म्हणून दांडीपासून ट्रकपर्यंत दोन साखळ्या असतात. सुदामने त्या सरळ लावल्या होत्या. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. दौंडकडचा माणूस. साखर कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत मोठा झालेला. चार चाकांच्या ट्रॉलीची दांडी निखळली तर ट्रॉली आपल्या चाकांवर उभी राहते, साखळीने फक्त धरून ठेवायचं असतं. दोन चाकांचं तसं नाही. दांडी निखळली की तोंड जमिनीत रुततं आणि मागचं घर पुढे उलटतं. साखळ्यांची खाली फुली केली, की दांडी त्या फुलीत झोळीसारखी पडते.

मी खालूनच ओरडलो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ए कारखाना! ही उसाची ट्रॉली न्हाई!"

सुदाम वाकला. बघितलं. "मग काय करू म्हंतोस?"

"फुली मार."

"तूच मार की. खाली हायसच."

मी मारली. त्या दिवशी मला दोन चपात्या जास्त गेल्या.

ऑक्टोबरात पोस्टवरून दोन पेशंट उतरवायचे होते. एका शिपायाच्या छातीत पाणी झालं होतं. त्याला उंचीवरून लवकरात लवकर खाली नेणं हाच इलाज. दुसऱ्याचा पाय मोडलेला. सोबत नर्सिंग असिस्टंट. सकाळी सहाला निघालो. रात्री बर्फ पडून गेला होता, वरचा रस्ता कडक होता. नाल्यापर्यंत काही झालं नाही.

नाल्यात पाण्याने रस्ता पोखरला होता. सुदामचा ट्रक उतरला, चढला. कॅरव्हॅन उतरली, तोंड वर करून चढली. कडी जबड्यात राहिली. त्याचं म्हणणं खरं ठरलं, याचं मला त्या क्षणीही वाईट वाटलं. पलीकडे लगेच उतार होता. डाव्या हाताला दरी. तिथे कॅरव्हॅनने एक झोल खाल्ला आणि मला दांडी आणि ट्रक यांच्यामध्ये उजेड दिसला. जिथे उजेड दिसायला नको तिथे. वेल्ड सुटलं होतं. कडी जबड्यात लटकत होती आणि दांडी साखळ्यांच्या फुलीत पडली होती.

सेटवर हिंदीत आणि ठरलेल्या शब्दांत बोलायचं असतं. मी ते सगळं विसरलो.

"सुदाम, कडी तुटली. साखळीवर हाय. ब्रेक दाबू नगं."

क्षणभर नुसती खरखर. मग त्याचा आवाज, बांधावरून बोलावं तसा. "किती मागं हाय?"

"हातभर."

ब्रेक दाबला असता, तर मागचं घर उतारावरून येऊन ट्रकवर आदळलं असतं आणि वाकडं होऊन दरीकडे गेलं असतं. न दाबावा, तर पुढे वळण होतं. त्याला काहीच दिसत नव्हतं. आरशात नुसती पांढरी भिंत. दिसत होतं ते मला.

"तिला अंगावर यिऊ दे," मी म्हणालो. "दांडी तुझ्या बंपरला टेकू दे. मग धर."

"सांग टेकली की."

त्याने गिअरवर ट्रक हळू केला. अंतर कमी व्हायला लागलं.

"आली?"

"न्हाई."

"आता?"

"वीतभर... थोडं उजवीकडं घे... येतीय... टेकली. टेकली! आता धर. हळू. लोण्यावर पाय ठिवल्यागत."

त्याने ट्रकच्या पाठीवर ती कॅरव्हॅन झेलली आणि दोघं मिळून थांबली. मी उतरून पळालो, चाकांखाली दगड लावले. माझ्या गाडीतली पोरं मागोमाग धावली. दार उघडलं तर मोडक्या पायाचा हवालदार आतून म्हणतो, "क्या हुआ, टी ब्रेक है क्या?" नर्सिंग असिस्टंट शिपायाच्या तोंडावर मास्क धरून बसला होता.  

पेशंट माझ्या ट्रकमध्ये घेतले आणि फळ्यांवर गाद्या टाकून मीच खाली नेले. छातीत पाणी झालेला शिपाई वाचला. म्हणजे माणसं वाहायची माझी हौस फिटली. फिटायची रीत मात्र बघा.

कमेंडेशन कार्ड, म्हणजे लेखी शाबासकी, सुदामला मिळालं. मिळायलाच हवं होतं, आणि मला ते सहन होत नव्हतं. सुभेदार साहेबांनी मला वेगळं बोलावून सेटवर मराठी बोलल्याबद्दल झापलं. संध्याकाळी बराखीत सुदामने सगळ्यांसमोर सांगितलं, "फुली साकोरेनं मारली व्हती. न्हाई तर आज आमचा कार्यक्रम उरकला व्हता." मेजर साहेबांनाही त्याने हेच सांगितलं. मी चिडून पांघरुणात शिरलो. त्याने ते स्वतःच्या नावावर खपवलं असतं, तर मला त्याचा जन्मभर राग करता आला असता. तेवढंही त्याने ठेवलं नाही.

तर वैष्णवीचा हूक. मी भांडगावला गेलो. अंगणात कॅरव्हॅन उभी होती, आणि सुदामचे चुलते तुकाराम आप्पा ट्रॅक्टरच्या सीटवरून तिच्याकडे बघत होते. मी सगळ्यांना बसवून सांगितलं. हिची गाडी लहान, रस्ता डांबरी. इथे गोळ्याचा हूक. पण गोळा कुठलाही नाही. वाटीचं माप आणि गोळ्याचं माप एकच पाहिजे. कॅरव्हॅनचं भरलेलं वजन किती आणि गाडी बनवणाऱ्याने किती ओढायला परवानगी दिली आहे, हे आधी बघायचं. गोळा आपल्या हाताने बंपरला वेल्ड करायचा नाही. चासीला बोल्टने बसणारा घ्यायचा. दांडी जमिनीला समांतर राहील एवढीच गोळ्याची उंची.

"सुदामनं जबडाच लावला असता," आप्पा म्हणाले.

"आप्पा, जबडा डोंगरात. हितं सोलापूर हायवे हाय."

"आसंल. पन त्येनं जबडाच लावला असता."

मी आवाज चढवला. "त्येनंच सांगितलं व्हतं, गोळा रस्त्यावर ठीक म्हणून! मी हजर व्हतो!"

"मग त्येचंच खरं झालं की," आप्पा म्हणाले.

मी दांडी उचलून बघितली. दोन बोटांनी वर आली. वैष्णवीने पाण्याची टाकी पाठीमागे बसवून घेतली होती. आमच्या केंदूरला बैलगाडी मागे जड भरली की उलाळ होते, पुढून उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार जड भरली की मानेवर येते. दोन चाकांचं सगळं तसंच. मागे जड असलेली कॅरव्हॅन हायवेवर शेपूट हलवायला लागली, की तिला कुठलाच हूक आवरत नाही. वजनाचा थोडा भार दांडीवर यायलाच हवा. टाकी पुढे घ्यायला लावली. हे मात्र आप्पांना पटलं. "ह्ये बेस सांगितलं," ते म्हणाले. मी पुढचं ऐकायला थांबलो नाही.

सुमन वहिनींनी, सुदामच्या पत्नीने, चहा आणला. कप देताना म्हणाल्या, "भावजी, तुम्ही अजून त्यांच्याशी भांडताच."

"मग काय करू, वहिनी?"

"भांडा. बाकीचे सगळे नुसते हात जोडतात."

नाईक सुदाम दोरगे नाल्यातल्या त्या प्रसंगानंतर पुढच्या हिवाळ्यात गेला. कॉन्व्हॉयमध्ये त्याची गाडी तिसरी होती. पहिल्या दोन निघून गेल्या आणि वरून बर्फ सुटला. माझी गाडी पाचवी होती. आम्ही फावड्यांनी उकरलं, मग डब्यांनी, मग हातांनी. तो स्टिअरिंगवर होता. गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि हँडब्रेक ओढलेला होता.

काही दिवसांनी सुभेदार साहेबांनी मला बोलावलं. कंपनीत नाईकची जागा रिकामी झाली होती. सीनियॉरिटीत पुढचं नाव माझं होतं. त्यांनी फितींची जोडी माझ्या हातावर ठेवली. "पहन ले, साकोरे." इतकी वर्षं मला सुदामची जागा हवी होती. ती मला मिळाली. मी फिती शिवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या फेरीचं रेशन घेऊन त्याच रस्त्याने वर गेलो.

मी हवालदार होऊन निवृत्त झालो. सुदाम नाईकच राहिला. भांडगावच्या शाळेसमोर दगडावर त्याचं नाव कोरलेलं आहे, रँकसकट. फौजेत ज्युनियरने आधी राम राम घालायचा असतो. त्या दगडासमोर मी आधी घालतो.