सायमीने गावाला दिलेलं घर

सायमी कुऱ्हाड घेऊन गावघरात घुसली आणि तिने तौनोला उंबऱ्यावरच आडवा केला, ही बातमी एका दुपारात सरोवराच्या चारी काठांना पोचली. पलीकडच्या वस्तीपर्यंत जाईतो तौनोचा डावा हातही तुटला होता. तसलं काही झालं नाही. तौनोचे दोन्ही हात शाबूत आहेत, परवाच त्याच हातांनी त्याने दुकानातून सॉसेजची दोन पाकिटं उचलली. सायमीच्या हातात कुऱ्हाड नव्हती, भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं. आणि घुसायचं म्हणाल, तर तिला आत जाताच आलं नाही. सगळं प्रकरण तेच आहे.

तीस वर्षं सायमीने या गावात टपाल वाटलं. कोणाला कोण पत्र लिहितं हे तिला ठाऊक असायचं, आणि कोणाला कोणीच लिहीत नाही हे त्याहून जास्त. खाडीच्या टोकाला राहणारा नेस्तोरी रोज फाटकाशी उभा. "माझं काही आहे का गं?" काही नसणार हे त्यालाही माहीत. सायमी तरी थैली उघडून तळापर्यंत हात घालायची. "आज नाही रे. पण थंडी बघ कशी पडलीय, नाक जागेवर आहे का चाचपून बघ." तेवढ्यावर दोघांची पाच मिनिटं जायची. नेस्तोरीचं दिवसभराचं बोलणं बहुधा तेवढंच.

मग शाळा बंद झाली. पाठोपाठ कॉफीचं दुकान, आणि शेवटी पेट्रोलपंपही, जिथे निदान मशीनची कॉफी मिळायची. सायमी निवृत्त झाली. लोक एकमेकांना भेटायचे ते अंत्यविधीला, आणि तिथेही भेटणाऱ्यांतला एक दर वेळी कमी.

सायमीच्या पणज्याने बांधलेलं घर जंगलात पाच किलोमीटर आत रिकामं पडलं होतं. पाइनचे जाड ओंडके, कोपऱ्यांवर खाचांत एकमेकांना धरून बसलेले, फटींत शेवाळ ठासलेलं. आत एकच मोठी खोली आणि तिचा पाव भाग खाऊन बसलेली भट्टी. सायमीच्या मनाने घेतलं की हे घर उतरवायचं, ओंडका ओंडका करून दुकानाशेजारी सरोवराकाठी आणायचं आणि गावाला देऊन टाकायचं.

हे तिने पहिल्यांदा सांगितलं ते तौनोला. तौनो गावमंडळाचा अध्यक्ष. बायको गेल्यापासून तो दर गुरुवारी सायमीकडे वाटाण्याचं सूप प्यायला येई.

"माझी अट एकच," सायमी म्हणाली. "दाराला कुलूप नको. झाडू पुरे."

आमच्याकडे घरात कोणी नसलं की दाराला झाडू टेकवून जातात. येणाऱ्याला कळतं, मालक घरात नाही. कुलूप लावून जाणाऱ्याबद्दल आम्ही दोन-तीन पिढ्या बोलतो.

"शुक्रवारी मी भट्टी पेटवीन, पाव भाजीन. बाकी दिवशी ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. नेस्तोरीसारखा माणूस विचारून कुठे जात नसतो, तौनो. विचारावं लागलं तर तो घरीच बसेल."

"माझा शब्द," तौनो म्हणाला. "कागद करायचा का?"

"तुझ्याशी कागद? पहिलीत तुझं नाक मी पुसलंय!"

त्या शरदात सायमीने इर्जिक घातली. अख्खा गाव राबायला आला, कारण सूप सायमीचं होतं. तिचं म्हणणं, प्रत्येक ओंडक्याला पत्र्याचा बिल्ला ठोकू, त्यावर भिंत आणि क्रमांक. तौनो म्हणाला, एवढ्या जुन्या लाकडाला खिळे कशाला, खडूने लिहू. खडूने लिहिलं. घर उतरलं, ओंडके सरोवराकाठी ताडपत्रीखाली गेले आणि त्यांवर बर्फ पडला.

मार्चमध्ये सायमी महिनाभर कुओपिओ शहरात बहिणीकडे होती. तेवढ्यात मंडळाची बैठक झाली. छपरासाठी निधी देणाऱ्यांचा कागद आला होता, आणि त्यात लिहिलं होतं की दाराला आकड्यांचं कुलूप हवं, वापर आगाऊ नोंदणी करूनच, आणि प्रत्येक वेळी एक जबाबदार व्यक्ती. तौनोने वाचून दाखवलं. अकरा हात वर झाले. "सायमीला मी सांगतो," तौनो म्हणाला, आणि आम्हा सगळ्यांना एकदम हलकं वाटलं.

सायमी परत आली. गुरुवार आला. तौनो सूप प्यायला, हवेबद्दल बोलला, गेला.

जूनमध्ये, उन्हाळी सणाच्या आदल्या आठवड्यात, दुकानवाल्या राउहाने मोठा पराक्रम केला. या सणाला आमच्या बायका काय वाटेल ते घासतात: गालिचे, नावा, पायऱ्या, हाती लागला तर नवराही. राउहाने चारजणींना हाताशी धरलं, ताडपत्री उचलली आणि पाइनच्या साबणाने एकूणएक ओंडका लख्ख घासून काढला. संध्याकाळी सोन्यासारखे चमकणारे अठ्ठ्याऐंशी ओंडके काठावर पडले होते. क्रमांक एकावरही नव्हता.

"घाण होती गं नुसती," राउहा म्हणाली. "पांढरं पांढरं काहीतरी."

तौनो मटकन दगडावर बसला. सायमी मात्र आधी पोट धरून हसली. मग तिने बाह्या सारल्या आणि ओंडक्यांवरून हात फिरवत चालत सुटली.

"ही उत्तरेची भिंत, भट्टीमागची. काजळी लाकडात मुरलीय, राउहाच्या बापालाही निघणार नाही. हा बाकामागचा. गोवर आला तेव्हा तीन आठवडे मी याच्याकडे तोंड करून पडले होते, ही गाठ अस्वलाच्या तोंडासारखी दिसते बघा. हा दाराशेजारचा, आजोबा यावर सुरी परजायचे."

संपूर्ण जुलै तिने तसाच काढला. सत्तरी पार केलेली बाई सकाळी सातला हजर. "तो नाही, त्याचा भाऊ!" असं वरून ओरडायची आणि खालचे पुरुष मुकाट ओंडका बदलायचे. तिच्याशिवाय ते घर म्हणजे जळणाचा ढीग होता, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणूनच सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. तौनो दर गुरुवारी म्हणायचा, पुढच्या गुरुवारी सांगतो. ऑगस्टमध्ये भट्टीही पुन्हा रचून झाली आणि सायमी छपरावर चढून फळ्या ठोकत होती, तेव्हा तो खालून तिला खिळे पोचवत होता.

ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार भट्टीचा ठरला. आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, शहरातून माणूस येऊन दाराला कुलूप बसवून गेला. दुपारी तौनो सायमीकडे सूप प्यायला. दोनदा घेतलं. सुपात वाटलेली मोहरी नेहमीपेक्षा जास्त घालून घेतली.

शुक्रवारी पहाटेच उठून सायमीने आंबवलेल्या पिठाची लाकडी काठवट हातगाडीत ठेवली, खांद्यावर फावडं घेतलं आणि निघाली. काठावर पोचून काठवट पायरीवर उतरवली, तर दाराला काळी डबी, तिच्यावर दहा आकडे. शेजारी चिकटवलेला कागद: नोंदणीसाठी या क्रमांकावर.

नेस्तोरी तिच्याआधी आला होता. स्वच्छ सदरा, भांग पाडलेला, कोटाच्या खिशात स्वतःचा कप. त्याने तो कागद वाचला असावा. सायमीला बघून म्हणाला, "मला वाटलं, आज आहे."

"आजच आहे. थांब जरा."

"नको, नको. लोकांनी आधी ठरवलेलं असणार." आणि तो वळला. सायमीने दोन हाका मारल्या. रस्त्याच्या कडेकडेने तो चालत राहिला, खिशातल्या कपावर हात ठेवून, जणू तो कोणाला दिसू नये.

सायमी दुकानात गेली. राउहाने तिचा चेहरा बघितला आणि हातातलं दुधाचं खोकं खाली ठेवलं.

"अगं, तुला माहीत नाही? मार्चपासून... आम्हाला वाटलं तौनो बोलला असेल."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

राउहाने दुधाचं खोकं पुन्हा उचललं. रांगेतले तिघे एकदम यीस्टची पाकिटं वाचू लागले.

राउहाने फोन केला असणार, कारण सायमी परत घराशी पोचली तेव्हा तौनो धापा टाकत तिथे आला होता. सायमी फावड्याचा दांडा जमिनीला टेकून उभी राहिली. कुऱ्हाड कुऱ्हाड म्हणतात ती हीच. रांगेतली मंडळीही, अर्थातच, हवा खायला म्हणून बाहेर आली होती.

"निधीवाल्यांची अट होती, सायमी. नाहीतर छप्पर झालंच नसतं."

"कागद कधी आला?"

"मार्चमध्ये."

"आणि मी छपरावर कधी होते?"

तौनोने टोपी काढून हातात घेतली. "ऑगस्टमध्ये."

"खिळे कोण देत होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतंस."

"सोडलं असतं."

"मग? ओंडके कुजले असते! कोणाच्याच उपयोगी नाही!"

"कुजले असते. पण कुजू द्यायचे की उभे करायचे, हे मी ठरवलं असतं. ते तू ठरवलंस, माझं सूप पिता पिता."

काठवटीतलं पीठ तोवर फुगून कपड्याबाहेर आलं होतं. तौनोचं लक्ष एकसारखं तिकडे जात होतं. माणसाला नजर ठेवायला काहीतरी लागतंच. शेवटी त्याने खिशातून चिठ्ठी काढली, चार आकडे लिहिलेली, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे घे. तुला नोंदणी नको, काही नको. मंडळाशी मी बोलतो. तुला इथे कोणी अडवणार नाही, सायमी. तू एकटी केव्हाही ये."

सायमीने चिठ्ठी घेतली नाही. पीठ कपड्यात पुन्हा नीट दाबून बसवलं, काठवट उचलून गाडीत ठेवली, आणि मगच त्याच्याकडे बघितलं.

"मला एकटीलाच जाता येईल असं घर माझ्याकडे आधीपासून होतं, तौनो. तेवढ्यासाठी ते हलवायला नको होतं."