दुसरा फोन कोणी केला?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गात बाकावर उभं करायचो. विज्ञानाचा मास्तर होतो ना! म्हणूनच हे आजवर घरीसुद्धा बोललो नाही...

पन्नाशीजवळ शाळा सोडून मी एका स्टार्ट-अपमध्ये लागलो. तेलंगणात, आदिलाबादला लागून मावला गावात ऑफिस – खाली टायरचं दुकान, वर आम्ही. कापसावर कधी, काय फवारायचं ते शेतकऱ्यांना फोनवर ऐकवायचं. तेलुगूत एका मुलीचा आवाज, मराठीत माझा. कंपनी अशी झपाट्याने वाढली की बाजारात भाजी घेताना लोक आवाजावरून ओळखायचे – "अरे, हे तर फोनवाले सर!" असा मान शाळेत कधी मिळाला नाही, खोटं कशाला बोलू? पण डबा उघडायलाही फुरसत नसे.

माझाच एक नियम होता – मेसेज सोडण्याआधी तो वांकिडी गावच्या कापूस पिकवणाऱ्या शांताबाईंना ऐकवायचा आणि काय समजलं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं. त्या सकाळी ऑफिसात गुंतवणूकदार येणार होते. नियम मोडला, मेसेज सोडला आणि पाहुण्यांना आणायला निघालो.

दुपारी सहज रेकॉर्डिंग लावलं... आणि एक वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकलं. एकराला लागणारं औषध मी पाठीवरच्या एका फवारणी-पंपाला सांगितलं होतं! कापसाची उभी पऱ्हाटी जळाली असती, फवारणाऱ्याच्या जिवावर बेतलं असतं. पाहुण्यांसमोर बोलायची हिंमत झाली नाही. जिन्यात जाऊन शांताबाईंना फोन लावला.

"फवारलं का हो?"

"आता किती डाव सांगता सर? मंगाच तर सांगतलं तुमी – थांबा, ते औषध एकराचं हाय, पंपाचं नाही."

"मी? कधी?"

"पयल्या फोनामागून लगेच. इसरले? मास्तर लोकायचं असंच रायते!" त्या खळखळून हसल्या.

आणखी काही गावांत फोन केले. सगळीकडे तेच. सिस्टीममध्ये मात्र दुसऱ्या कॉलची नोंदच नाही! तेलुगूवाल्या मुलीला आडून विचारलं, तिनेही काही पाठवलं नव्हतं.

सगळ्यांना कळलंय असं धरून मी दुरुस्तीचा मेसेज पाठवलाच नाही. ज्याला तो दुसरा फोन आला नसेल त्याचं काय... हे मनात आलं होतं, तरी गप्प राहिलो. कुणाचं नुकसान झाल्याचं कानावर आलं नाही. पण मी विचारायलाही गेलो नाही. लवकरच मराठी विभागाचा प्रमुख झालो. पेढे वाटले.

पेढे द्यायला वांकिडीला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, "शांताबाई, आवाज नक्की माझाच होता?"

"तुमचाच." मग पेढा हातात घेत म्हणाल्या, "पण सर, तवा तुमी रडून काऊन राह्यले होते?"

तो फोन गेला, त्या वेळी चूक झाल्याचं मला ठाऊकच नव्हतं.