भुरी आधी घरी आली

भुरी आधी घरी आली. गळ्यातला दोर चिखलात ओढत अंगणातून थेट गोठ्यात शिरली. बकरी आली म्हणजे मागून बाई येतच असतील, असं धरून मी चहाचं आधण ठेवलं... त्या आधणाचा मला अजून राग येतो.

विमलबाई माझी मोठी जाऊ. नेरजवळच्या आमच्या गावात एकाच अंगणात आमची दोन दारं. सोयाबीन कापणीचे दिवस होते. दुपारीच आभाळ काळं झालं, तशा आम्ही दोघी बकऱ्या हाकत शेतातून निघालो. नाल्यापाशी ध्यानात आलं की भुरी मागेच राहिली. ती गाभण होती, पहिलटकरीण, पाय जड झालेले. "तू पुढं हो सुमन, आलीच मी," म्हणत बाई वळल्या. मी घरी पोचले आणि वीज कडाडली. आमच्याकडे विजा काही नवीन नाहीत, मी दाराची कडी लावून घेतली इतकंच. मग भुरी आली, आणि तिच्यानंतर शेजारचे मनोहरभाऊ आले. "वीज पडली, तुमच्या बाई बांधावर पडून आहेत," एवढं म्हणाले आणि खालीच बसले. सकाळी माझ्याशी चवळीच्या शेंगांवरून कचाकचा भांडलेली बाई संध्याकाळी नाही, हे डोक्यात शिरतच नव्हतं. खरं सांगायचं तर आजही शिरत नाही. भांडण अर्धंच राहिलं आहे आणि माझ्याकडे उत्तर तयार आहे.

त्यांचं आणि बकऱ्यांचं काय होतं, हे बाहेरच्याला सांगणं कठीण. लाड म्हणावेत तर तसं नव्हतं. बोकड मोठा झाला की बाजारात जायचा, आणि पुढे त्याचं काय होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण एकदा गाडीवाला बोकडाचे पाय बांधून त्याला मागे टाकायला लागला, तर बाई गाडीसमोर उभ्या. "पाय सोड त्याचे. अन् खाली तनीस टाक." तो म्हणाला, "बाई, इकायचाच आहे ना आता?" त्यावर बाई म्हणाल्या, "इकीन ना. पन इकेपर्यंत तं माहा आहे." तणसाची पेंडी त्यांनी स्वतःच घरातून आणली.

भुरीची आई भुरीला जन्म देतानाच मेली. कडाक्याची थंडी होती आणि पिल्लू ओलंगच्च. आमच्याकडे कापूस वेचायला जाताना बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवतात, पऱ्हाट्यांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. बाईंचा असा एक निळ्या रेघांचा शर्ट होता. त्यांनी पिल्लू उचललं, शर्टाच्या आत पोटाशी धरलं, वरून गुंड्या लावल्या आणि तशाच घरभर कामं करत फिरल्या. पोट हे एवढं. मी म्हटलं, "बाई, या वयात दिवस गेले का तुम्हाला?" बाई हसल्या नाहीत. "हो वं. नवसाचं आहे. हळू बोल, निजून राह्यलं ते," म्हणाल्या. भुरी बाटलीवर वाढली आणि मोठी झाली तरी त्या शर्टाच्या बाहीत तोंड खुपसायची.

बाई गेल्या त्या दिवसापासून माझे भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, भुरीकडे पाहीनात. मग एकदा सगळ्यांसमोर बोलले, "हिच्यापायी गेली ते. बाजारात नेऊन इकून टाका इले." मनातून तर मलाही तसंच वाटत होतं. तेरवीला नणंदेने बाईंची पातळं, पोलकी, चपला, सगळ्याचं गाठोडं बांधून देऊन टाकलं. गेलेल्या माणसाचं घरात ठेवू नये म्हणतात. भासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

बाजाराच्या आधीच भुरी व्याली. दोन पिल्लं झाली, पण ती त्यांना जवळ येऊ देईना. टकरा मारी. बाई करत तसं मी पिल्लांच्या अंगाला मीठ चोळून पाहिलं, आई चाटेल म्हणून. भुरीने मलाच ढुशी दिली. दुसऱ्या बकऱ्या आटलेल्या होत्या, आणि बाटलीचं दूध पिल्लं बाहेर टाकत होती. दिवस कलेपर्यंत त्यांनी माना टाकल्या. मी हताश होऊन वर पाहिलं, तर गोठ्याच्या खुंटीवर निळ्या रेघांचा शर्ट.

बाईमाणसाच्या गाठोड्यात पुरुषाचा शर्ट कोण बांधणार? नणंदेने तो भावाचा म्हणून तिथेच राहू दिला होता.

आमच्यात भासऱ्यांशी धाकटी सून तोंडासमोर बोलत नाही, त्यांचा कपडा अंगात घालणं तर दूरच. इतकी वर्षं मी जे सांगायचं ते बाईंकरवी सांगत आले. आता बाई नव्हत्या. मी पदर सावरून त्यांच्या ओसरीपुढे गेले आणि म्हटलं, "गोठ्यात बाईंचा शर्ट आहे. भुरी दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाही."

ते उठून आले, खुंटीपाशी थांबले. "हा तं माहा आहे," म्हणाले.

"तुमचा होता."

त्यांनी शर्ट काढून नाकाशी धरला. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी तो अंगात घातला. भुरीजवळ जायला त्यांचे पाय उचलत नव्हते, हे मला दिसत होतं. जवळ जाऊन ते बसले. भुरीने बाही हुंगली, आत तोंड खुपसलं आणि उभी राहिली. अगदी गप्प. भासऱ्यांनी एक पिल्लू उचलून सडाला लावलं, मग दुसरं. "पी रे बाप्पा, पी," म्हणाले आणि भुरीच्या पाठीवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. अग्नी देतानासुद्धा रडले नव्हते.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. कोणी विषय काढला नाही. ते रोज दोन्ही वेळा शर्ट घालून गोठ्यात जातात आणि परत खुंटीला लावतात. परवा मी तो धुवायला मागितला. आता आम्ही थेट बोलतो.

"राहू दे," म्हणाले. "पिल्लं पिऊन राह्यले तवरक राहू दे."

पिल्लं आता पाला खायला लागली आहेत. भुरीही त्यांना आपणहून पाजते. मी पुन्हा काही शर्ट मागितला नाही.