अकरा दिवस, दोन वर्षं

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी मेधाच्या डब्यात वरणभात भरत होतो. आधी झाकण नीट लावलं आणि मग फोन घेतला... मेधाला, माझ्या बायकोला, जाऊन आज सहा आठवडे झाले. तो डबा अजून मी घासलेला नाही.

माझ्या नोकरीपायी आम्ही जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आलो आणि मेधाने इथे जपानी इतिहासात पीएचडी धरली. विषय अंतोकु, आठशे वर्षांपूर्वीचा बालसम्राट. दुधाचे दात यायच्या वयात त्याला गादीवर बसवलं आणि लढाई हरल्यावर त्याच्या आजीने त्याला पोटाशी धरून समुद्रात उडी घेतली. मेधा त्याला ‘आमचे महाराज’ म्हणायची. गेले तेव्हा महाराज सहा वर्षांचे होते की आठ, यावरून तिचं गाइडबाईंशी वाजायचं. “आल्झो, तर, आज परत आठखाली लाल रेघ,” ती जेवताना सांगायची. “अरे, त्यांच्यात जन्मल्याबरोबर एक धरतात आणि नव्या वर्षाला सगळ्यांचंच एकेक वाढतं. आई नाही का म्हणत, आठवं लागलं?” मी म्हणायचो, “तुझ्या महाराजांचं वय आणि इथल्या ट्रेनची वेळ, दोन्हींचा भरवसा नाही.” ती खूप हसायची.

आमचा ओम नाताळच्या दिवशी जन्मला आणि अकराव्या दिवशी गेला. मी त्याचं नाव घेणंच सोडलं. पुढे मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी मेधाला विचारलं, “मुलंबाळं?” ती म्हणाली, “एक होता. दोन वर्षांचा.” मला वाटलं, दुःखाने हिचं भान सुटलंय, आपणच सावरून घ्यावं. चारचौघांत म्हणालो, “नाही हो काकू, अकरा दिवसांचा.” परतताना ट्राममध्ये मेधा एवढंच बोलली, “गेनाऊ, बरोबर. अकरा दिवसांचा.” त्यानंतर चार वर्षं तिनेही त्याचं नाव घेतलं नाही.

गेल्या रविवारी तिची खोली आवरायला घेतली. ही खोली आम्ही ओमसाठी रंगवली होती, पिवळी. टेबलावर अर्धवट प्रबंध होता आणि एका पानात पेन्सिल अडकवलेली होती. तिथल्या तळटिपेत लिहिलं होतं, महाराजांचा जन्म वर्षअखेरचा, म्हणून काही आठवड्यांतच नवं वर्ष लागलं आणि ते दोन वर्षांचे झाले. शेजारी समासात तिच्या बारीक अक्षरात मराठीत एकच शब्द होता. ‘ओमसुद्धा.’

आपल्या लेकराला मिळालेली दोन वर्षं मी सगळ्यांदेखत काढून घेतली होती. आणि मेधा भांडलीसुद्धा नाही... भांडायला हवी होतीस गं.

खोली आवरली नाही. पेन्सिल त्याच पानात आहे. काल वरच्या मजल्यावर नव्याने आलेल्या आजींनी जिन्यात विचारलं, मुलं किती? मी म्हणालो, “एक होता. दोन वर्षांचा.” दुरुस्त करायला शेजारी कुणी नव्हतं. ऐकायलाही.